आत्याची मॉरिस मायनर: कामाची वही

१९ जानेवारी

गाडी आज शेडमधून बाहेर आली. आली म्हणजे काय, तिघांनी ढकलली, चारही टायर बसलेले आणि मागचं डावं चाक फिरायलाच तयार नाही, कारण हँडब्रेक ओढून बावीस वर्षं उभी केली होती आणि ब्रेकचे शू ड्रमला चिकटून एकजीव झालेत. ड्रमच्या कडेकडेने हातोडीने ठोकत बसलो अर्धा तास, मग एकदम खळ्ळ करून सुटलं आणि मी मागे पडलो. आत्या स्टुलावर बसून बघत होती. "एवढं बडवायचं नसतं रे," एवढंच म्हणाली. हँडब्रेक तिनेच ओढलेला हे मी काही बोललो नाही.

गाडी आहे १९५९ ची मॉरिस मायनर १०००, चार दरवाजांची, ९४८ सीसी, नवी होती तेव्हा ३७ अश्वशक्ती. आत्याने ही एकटीने चालवली बरीच वर्षं, नंतर गुडघा गेला आणि गाडी शेडमध्ये गेली. आता गुडघा नवीन बसवलाय त्यामुळे गाडीपण तशीच करायची असं तिचं लॉजिक आहे.

एक गोष्ट ठरवली. वहीत प्रत्येक जुन्या रिपेअरीपुढे "कोणी केलं" म्हणून लिहायचं, कारण ६० पेक्षा जास्त वर्षांच्या गाडीत गंज एकवेळ परवडतो पण कोणी काय करून ठेवलंय ते कळत नाही, आणि तेच खरं काम असतं.

२ फेब्रुवारी

सुट्टीचे दोन दिवस नुसतं सोडवण्यात गेले. सीट, मॅट, बंपर, ग्रिल, हेडलाइट. प्रत्येक नट-बोल्ट छोट्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि काढायच्या आधी फोटो. फोटो जवळून एक आणि लांबून एक, नुसता जवळून काढला की सहा महिन्यांनी आपणच विचारत बसतो हा कुठला कोपरा.

मग चुंबक घेऊन फिरलो. फडक्यात गुंडाळलेलं साधं चुंबक, पत्र्यावर सरकवत न्यायचं, जिथे पकड सुटेल तिथे खाली पुट्टी. उजव्या बाजूला पुढच्या मडगार्डच्या मागे सुटलं, दरवाजाच्या खालच्या काठाला सुटलं, आणि सिलवर, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीवर, तर चिकटतच नव्हतं, जवळजवळ दीड हात. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. पुट्टीचा थर फोडला, त्यामागे जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचा लगदा, त्यामागे काहीच नाही. रंग मात्र वरून अगदी चकाचक दिलेला होता हो. कोणी केलं: कुठलंतरी गॅरेज, आत्याला नाव आठवत नाही आणि आठवलं असतं तरी मी इथे लिहिलं नसतं.

ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला एक चौकोनी ठिगळ निघालं. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून बारा रिव्हेट मारलेत, अंतर इतकं सारखं की पट्टीने मोजलं असणार, आणि कडेला डांबर. मी म्हटलं हे कोणी केलं. आत्या म्हणाली, "मी. का, गळतंय?" गळत नव्हतं. आजूबाजूचा पत्रा कुजलाय, ठिगळ टिकलंय.

उजव्या मधल्या खांबाला आतून पुठ्ठ्याची पट्टी आहे, तिच्यावर खांद्याच्या जरा मागे मुठीएवढा खळगा, कापड घासून गुळगुळीत झालेलं. डाव्या बाजूला असं काही नाही. कोणी केलं: माहीत नाही.

९ फेब्रुवारी

इंजिन जॅम. हँडल घालून पाहिलं, ढिम्म. प्लग काढले, चारही बोरमध्ये (सिलिंडरच्या पोकळ्यांत) डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून ओतलं, ठेवून दिलं. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, तिथून दमट हवा आत जाऊन रिंगजवळ गंजाची कडी धरते, सगळं इंजिन गेलेलं नसतं, एक सिलिंडर बाकी तिघांना धरून ठेवतो. म्हणून घाई करायची नाही. लांब पाइप लावून हँडल ओढायचा मोह होतो पण तसं करून रिंग मोडतात.

१६ फेब्रुवारी

तेल तिसऱ्या सिलिंडरमध्ये तसंच उभं, बाकीच्यांत उतरलंय. म्हणजे चोर सापडला. हँडल थोडं पुढे, थोडं मागे, परत पुढे. एका नटाच्या रुंदीएवढं हललं. आज इथेच थांबलो.

१७ फेब्रुवारी

फिरलं!!

२ मार्च

हेड उतरवलं. हेड गॅस्केट कुजलेलं, पाण्याच्या वाटा चिखलाने बंद, ब्लॉकचा निचऱ्याचा नळ उघडला तर थेंब नाही, तार घालून टोकरल्यावर तांबडा गाळ पडला कपभर. तिसऱ्या बोरमध्ये वरून अंगठाभर खाली गंजाची अंगठी दिसते. बारीक स्क्रबरने तेल लावून हलक्या हाताने घासली, नखाला जाणवत नाही आता, डोळ्याला दिसते.

मित्र म्हणाला सगळं इंजिन खोल, पिस्टन काढ, बोर कर, आलाच आहेस तर. हे "आलाच आहेस तर" फार धोकादायक वाक्य आहे, याच्यामुळे निम्म्या गाड्या खोक्यांमध्ये राहतात. माझा निर्णय: खाली हात लावायचा नाही. गाडी सावकाश चालणार आहे, धूर आला तर पुढच्या वर्षी बघू.

व्हॉल्व्ह घासले, काठीच्या टोकाला रबरी चूषक, मधे पेस्ट, दोन तळहातांत काठी फिरवायची. आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला सलग करडी रिंग दिसेपर्यंत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे टेकायच्या जागा, जरा खोल गेल्यात, या इंजिनांची बिडाची सीट शिसंवालं पेट्रोल धरून केलेली होती, बिनशिशाच्या पेट्रोलवर जोरात पळवलं तर अजून जातील. परत तेच, सावकाश चालणार आहे.

हेड परत बसवताना नट मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने, थोडे थोडे करत ४० फूट-पौंडांपर्यंत. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागाच्या मधे, ०.०१२ इंच गॅप, आणि इथे नऊचा नियम वापरायचा, म्हणजे आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबलेला तेव्हा दुसऱ्याचा, बेरीज कायम नऊ. आत्याला सांगायला गेलो तर तिला येत होतं.

१६ मार्च

फक्त रेडिएटर धुतला. पाठ धरलीय.

५ एप्रिल

आजपासून पत्रा. मायनरला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, त्यामुळे सिल म्हणजे काही नुसती दरवाजाखालची शोभेची पट्टी नव्हे, गाडीचा कणा आहे तो. सिल कापला की मधून गाडी वाकू शकते. म्हणून आधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप बोल्ट केले, बिजागरीच्या जागेपासून लॉकच्या जागेपर्यंत, आणि गाडी चार ठिकाणी सारखी टेकवली. पेट्रोलची टाकी बाहेर, बॅटरी बाहेर, पाण्याची बादली, ओली फडकी, आग विझवायचं नळकांडं हाताशी. खालच्या डांबराला लगेच पेट लागतो, पेटल्यासारखं वाटत पण नाही, नुसता वास येतो आणि मग एकदम ज्वाळा.

ग्राइंडर चालवला आणि दीड तासात सिल जमिनीवर. आतून किती गंज पडावा, झाडून एक घमेलं भरलं.

ही गाडी तशी कापली जाण्यासाठीच जन्माला आली म्हणायचं. अॅलेक इसिगोनिसने डिझाइन केली, आणि १९४८ ला बाजारात यायच्या थोडं आधी त्याला ती अरुंद वाटायला लागली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध उभी चिरली, दोन भाग लांब सरकवत बघितले आणि चार इंचांवर थांबला. बॉनेटच्या मधून जी सपाट पट्टी जाते ती त्या चार इंचांची. तेव्हा आपण दीड हात कापलं तर काय एवढं.

२० एप्रिल

नाही, बरंच काही.

सविस्तर लिहितो कारण परत करायचं नाहीये. गेल्या आठवड्यात नवा बाहेरचा सिल बसला, मस्त बसला, ०.९ मिमी पत्रा, वेल्डिंगची ०.६ मिमी तार, वेल्डचे टाके मारत मारत पूर्ण. मी इतका खूश झालो की दरवाजा लावून बघावा म्हणून आडवे पाइप काढले. दरवाजा लावला, टक्क करून बंद झाला, चारी बाजूंनी फट सारखी. आत्यालाही बोलावून दाखवलं, दोनदा उघडबंद करून दाखवला. मग दरवाजा काढला आणि पाइप परत लावायचा कंटाळा केला. आता काय, सिल तर बसला ना. आणि आतली बॉक्सची पट्टी आणि आडव्या मेंबरचं टोक वेल्ड करायला घेतलं, तेही लांब लांब ओढत, एका दमात, कारण संध्याकाळ होत आलेली आणि हात बसलाय असं वाटत होतं.

आज दरवाजा लावला तर खालचा मागचा कोपरा खांबाला घासतोय. वरची फट रुंद झालीय आणि खालची नाहीशी. वेल्ड गार होताना पत्रा आकसतो, लांब वेल्ड जास्त आकसतो, खाली सगळं आकसलं आणि खांबाचा पाय त्याने पुढे ओढला. मोजलं, ३ मिमी. तीनच. पण दरवाजाला कळतात तीन.

पहिल्यांदा वाटलं दरवाजाचीच कड जरा घासून घेऊ. ग्राइंडर हातात पण घेतला. मग त्या गॅरेजवाल्याचा लगदा आठवला, त्यानेही अशाच एखाद्या संध्याकाळी काहीतरी हातात घेतलं असणार. ग्राइंडर ठेवून दिला.

कोणी केलं: मी.

४ मे

दुरुस्ती. पातळ डिस्कने आतल्या पट्टीचा आणि आडव्या मेंबरचा वेल्ड कापला, बाहेरच्या सिललाही मधे एक चीर दिली. दोन खांबांच्या पायांमध्ये लाकडाचे ठोकळे आणि बाटली जॅक. जॅक पाव पाव वळसा, मग टेप लावून मोज, परत पाव. साडेतीन मिमीपर्यंत नेलं कारण सोडल्यावर थोडं मागे येतं. या वेळी दरवाजा लावूनच ठेवला, पाइपपण लावलेले, आणि एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, मग मधे, दोन टाक्यांमध्ये हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. दीड हाताच्या वेल्डला आख्खा दिवस लागला. आत्याने स्टूल जवळ ओढलं आणि प्रत्येक टाक्यानंतर दरवाजा तीच लावून बघत होती. "आला," "आला," "अंहं, थांब," असं चाललेलं.

संध्याकाळी पाइप काढले. टक्क.

तिने रिव्हेट मारलेलं ठिगळ मात्र काढावं लागलं, भोवतालचा पत्राच नव्हता. काढून धुऊन ठेवलंय. फेकू का विचारलं तर माझ्याकडे अशी बघितली की मी परत विचारलं नाही.

२५ मे

छोट्या पार्टसाठी टबमध्ये गंज काढायचा उद्योग. प्लास्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा लिटरला चमचाभर, एक भंगार लोखंडाची पट्टी, साधा बॅटरी चार्जर. चार्जरची धन बाजू भंगाराला, ऋण बाजू आपल्या पार्टला, हे उलटं झालं तर पार्टच विरघळायला लागतो म्हणून टबवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि टब उघड्यावर, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

ब्रेकच्या बॅकप्लेट, पेडल, कंसाच्या पट्ट्या एकेक रात्र बुडवल्या. सकाळी काळा चिखल बसलेला असतो, ब्रशने धुतला की खाली करडं लोखंड, कारखान्याचे छाप नंबर वाचता येतात. लगेच पुसून सुकवून प्रायमर मारायचा नाहीतर तासाभरात परत पिवळी झाक. स्प्रिंगा आणि ताकदीचे बोल्ट याच्यात टाकले नाहीत, हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून फडकंच पिशवीत बांधलं.

१४ जून

ब्रेकचा मास्टर सिलिंडर. ज्याने तो तिथे बसवला त्याने तो परत कधी काढला नसणार. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॉडीच्या खालच्या पेटीत घुसवलेला, तेल भरायचं बूच मॅट उचलून फ्लोअरच्या झाकणाखाली, म्हणजे तेल बघायला बूच उघडलं की सगळी माती आत. आणि दोन लांब बोल्ट बाहेर ओढायला गेलं की समोर टॉर्शन बार (पुढच्या चाकाची स्प्रिंग म्हणून पिळला जाणारा दांडा) आडवा. बोल्ट पाऊण बाहेर येतो आणि बारला टेकून थांबतो. मी पाठीवर झोपून दहा मिनिटं नुसता त्या बोल्टकडे बघत होतो.

शेवटी टॉर्शन बारचा ताण काढून तो खाली घेतला, त्याच्यात दोन दिवस गेले. बार काढताना डावा-उजवा खूण करून ठेवायचा, वापराने त्यांना एका दिशेचा पीळ बसलेला असतो, अदलाबदल करायची नाही. बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातले म्हणजे पुढच्या वेळी सिलिंडर तरी सुखाने निघेल. कोणी केलं: मी, आणि हे अभिमानाने लिहितोय.

सिलिंडरमध्ये खड्डे होते, नवीनच टाकला. रबरी पाइप सगळे नवे.

६ जुलै

पुढची चाकं वर करून वर-खाली धरून हलवली, उजवं खडखडलं. ट्रनियनचे आटे झिजलेत. मायनरचं हे जुनं दुखणं आहे, पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या खालच्या आट्यांनी आख्खं वजन धरलेलं असतं, ग्रीस नाही मिळालं की आटे संपतात आणि एक दिवस वळताना चाक गाडीखाली दुमडतं. दोन्ही बाजू बदलल्या. ग्रीस गन दाराच्या खुंटीला टांगली, दिसत राहील अशी.

९ ऑगस्ट

वायरिंग. दोन आठवडे याच्यावर घालवले आणि अजून मान वर होत नाही.

मूळ व्यवस्था सुंदर आहे खरं तर. आख्ख्या गाडीला दोन फ्यूज, आणि कापडी वेणीच्या वायरींना रंगांची भाषा: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनमधून फ्यूज होऊन आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधली, निळी हेडलाइट, तांबडी साइड लाइट, काळी अर्थ. एकदा डोक्यात बसलं की डायग्राम न बघता फिरता येतं. पण मधे कोणीतरी हॉर्न, हीटर, रेडिओ असं जे जे जोडलं ते सगळं एकाच लाल वायरीने, टेप गुंडाळून, आणि तांबडीच्या गावात अजून अकरा लाल. अकरा मोजल्यात. एक लाल वायर डॅशमधून निघून बॉनेटपर्यंत जाऊन परत डॅशमध्ये येते आणि कशालाच जोडलेली नाही. कोणी केलं: आत्या म्हणते, "मी नाही हं," दोनदा म्हणाली, त्यामुळे जरा शंका आहे.

ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीची धन बाजू बॉडीला. सवयीने उलटी लावली जाते म्हणून ट्रेवर पिवळ्या रंगाने मोठं अधिक चिन्ह काढलं. आजकालचा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ सरळ जोडायचा नाही.

कापडी वायर हातात घेतली की आतलं रबर बिस्किटासारखं मोडतं, त्यामुळे पूर्ण जुडी नवीन, जुनी शेजारी जमिनीवर पसरून एकेक टोक जुळवत.

६ सप्टेंबर

आज सेल्फ मारायचा दिवस.

आधी प्लग काढून हँडलने फिरवत राहिलो, म्हणजे तेल वरपर्यंत पोचतं. नंतर सेल्फने, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५, कार्बोरेटरच्या वरच्या नळीत (डॅशपॉट) पातळ तेल, किल्ली फिरवली. आता पेट्रोल पंपाने टिकटिक करायला हवं. शांतता. टेस्टर लावला, करंट आहे. मी पंप खोलायला पाना शोधतोय तर आत्या उठली, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाला टक् केलं, आणि टिक टिक टिक टिक, मग सावकाश, मग बंद, म्हणजे भरला. आतल्या पॉइंटवर मळी धरते, जोडणी होत नाही, धक्का बसला की होते. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं.

चोक ओढला, स्टार्टरचा नॉब ओढला. कार्बोरेटरमधून फटाका, जाळ, आणि माझ्या डाव्या भुवईचा थोडा भाग. परत मारला, परत फटाका.

रात्री जेवताना लक्षात आलं. डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा दांडा अर्धा फेरा चुकवून बसवलाय, पहिल्याचा स्पार्क चौथ्याला.

७ सप्टेंबर

डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर प्रत्येक वायर बरोबर समोरच्या जागी लावली, क्रम तोच १-३-४-२. तिसऱ्या झटक्याला चालू झालं. आधी तीन सिलिंडरवर, घोडा लंगडतो तसं, मग चौथा आला. निळा धूर भरपूर, दहा मिनिटांत बराच कमी. आत्या काही बोलली नाही, बॉनेटच्या कडेवर हात ठेवून उभी होती, आणि एका ठिकाणी हात ठेवला की इंजिन मंद असताना कंप येतो, तिथेच बरोबर होता.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब (psi), गरम इंजिनवर १४५, १४०, ११५, १४५. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून परत घेतलं तर १३५, म्हणजे व्हॉल्व्ह नाहीत, रिंग. माहीत होतं. राहू दे.

बंद केल्यावर खाली तेलाचे थेंब. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला सीलच नाही, शाफ्टवर उलटे आटे आहेत जे फिरताना तेल आत ओढतात, थांबलं की ओढणारं कोणी नाही. खाली ट्रे ठेवलाय.

११ ऑक्टोबर

ब्रेकची हवा काढली. लांबचं चाक आधी, आत्या पेडलवर, मी खाली. "दाब, धर, सोड." पुढच्या चाकांना प्रत्येकी दोन सिलिंडर आणि दोन अॅडजस्टर, एक विसरलं तर पेडल कायम खोल राहतं. मी एक विसरलो होतो.

आणि बाटली मडगार्डवर ठेवली. वर्षभर सगळ्यांना सांगत आलोय की ब्रेक ऑइल रंग खातं. लगेच पाणी ओतलं तरी बुडाच्या आकाराची गोल रिंग उठली. बाहेरचा मूळ रंग आम्ही ठेवलाय, फक्त पॉलिश, त्यामुळे ती रिंग पण राहणार. कोणी केलं, लिहायची गरज नाही.

२ नोव्हेंबर

शेवटचं राहिलेलं, ट्रॅफिकेटर. या गाड्यांना १९६१ पर्यंत लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते, मधल्या खांबाच्या खाचेतून पिवळा हात बाहेर यायचा, आत छोटा बल्ब. खांबात कॉइल असते, ती दांडी खाली खेचते आणि हात वर उचलला जातो. डाव्याची बल्बला जाणारी केसाएवढी वायर तुटलेली, नवी ओवली, चिमट्याने, तीन तास. उजव्याच्या बिजागरीत जुनं तेल गोंदासारखं झालेलं, धुऊन एक थेंब शिलाईयंत्राचं तेल. टेबलावर दोन्ही झटक्यात उठले.

खांबांना आतून नवीन पुठ्ठे कापून कापड लावलं. उजवीकडचा तो खळग्यावाला जुना पुठ्ठा ठिगळाच्या शेजारी ठेवलाय.

९ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात मी एकटाच घरामागच्या रस्त्यावर चालण्याच्या वेगाने फिरवून ब्रेक बघितले होते, चारही सारखे धरतात. पहिला गिअर टाकताना गाडी पूर्ण थांबलेलीच हवी, नाहीतर दात कुरकुरतात.

आज आत्या. मी ड्रायव्हरच्या बाजूने दरवाजा उघडून धरला, मला वाटलं ती दुसरीकडे बसेल आणि मी नुसता सौजन्याने उभा आहे. ती आत बसली, सीट पुढे ओढली आणि म्हणाली, "तू तिकडून ये."

चोक, नॉब, चालू. क्लच इतका हळू सोडला की गाडी निघालेली कळली नाही. दुसरा, तिसरा. रस्ता रिकामा. मी कान लावून बसलेलो, मागून काहीतरी किणकिणतंय, बहुतेक एक्झॉस्टची क्लिप, नोंद केली. ती काही ऐकत नव्हती, आरसा बघत होती.

शेवटच्या वळणावर उजवीकडे वळायचं होतं. कोणी नव्हतं मागेपुढे तरी तिने स्विच टाकला. डॅशवरचा दिवा लागला, पण हात बाहेर आल्याचा तो ठक्क आवाज नाही आला. मी म्हणणारच होतो की थांब, मी उतरून बघतो, एवढ्यात तिने रस्त्यावरची नजर न हलवता उजवी मूठ मागे नेली आणि खांबावर दणकन मारली.

ठक्क.

गाडी वळली. नव्या पुठ्ठ्यावर मुठीएवढा खळगा.

राहिलेली कामं: एक्झॉस्टची क्लिप, मागची डावी काच जड जाते, डायनॅमोचा पट्टा ताणणे.